येळ्ळूर, असोगा, हलशी, गोकाक: फिगर पिशवीत घालून दोन दिवस

बेळगावात ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या फिगर (प्लॅस्टिकच्या छोट्या बाहुल्या) जमवणाऱ्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं: फोटो काढायला जागाच नाही. मग टेबलावर मागे काळा कागद लावून तेच ते फोटो. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी केलेल्या या फेरीत एक गोष्ट मात्र पक्की कळली. जागा किती नावाजलेली आहे हे बघायचंच नसतं, जमिनीलगतची वीतभर उंची बघायची असते. त्या हिशेबाने येळ्ळूरचं कापलेलं भाताचं शेत गोकाकच्या धबधब्याला भारी पडलं.

सोबत पाच फिगर होत्या. दोन फिग्मा, म्हणजे सांधे वळणाऱ्या, चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या, साधारण १/१२ मापाच्या (खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्शाएवढ्या). दोन नेंडोरॉइड, दहा सेंटिमीटरच्या, मोठ्या डोक्याच्या. आणि एक अठरा सेंटिमीटरची प्राइज फिगर, जपानी गेम पार्लरमध्ये बक्षीस मिळते त्या जातीची. ही शेवटची नेली नसती तरी चाललं असतं. तिची पोझ बदलत नाही, आणि खालची गोल बैठक दगडावर सपाट बसत नाही. १/७ च्या महागड्या स्केल फिगर तर घरीच बऱ्या.

बांधणीत सगळ्यांत मोठी चूक होते ती थर्मोकोलची. फिगरच्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये प्लॅस्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि थर्मोकोलला खातं, मग फिगरवर चिकट डाग पडतात. जुन्या सुती धोतराचा किंवा ओढणीचा तुकडा गुंडाळावा आणि प्रत्येक फिगर वेगळ्या झिपच्या पिशवीत घालावी. नेंडोरॉइड मात्र तिच्या मूळ ब्लिस्टरमध्येच (खोक्यातल्या साच्याच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये) न्यावी, कारण चेहरे, हात, मानेची खुंटी यांना तिथे आपापला खळगा असतो आणि काय राहिलं ते निघताना एका नजरेत दिसतं. बाकी पिशवीत असावं ते असं: ब्लोअर, मेकअपचा मऊ ब्रश, ब्लू टॅक (पुन्हा काढता येणारी चिकट पुटी), वीस गेजची बाइंडिंग तार हातभर, छोटी पक्कड, बटर पेपर, फॉइल चिकटवलेला पुठ्ठा, थर्मासमध्ये गरम पाणी, आणि अर्धा किलो तांदूळ भरून शिवलेली कापडी थैली.

तांदळाची थैली कशाला, ते सांगायला हवं. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात. त्याला बाराने भागलं की साडेबारा सेंटिमीटर येतात. लेन्स तेवढ्याच उंचीवर आली तर फिगर माणसासारखी दिसते, वरून काढली की खेळणं दिसतं. तिपाई एवढी खाली येत नाही. थैलीवर कॅमेरा दाबून बसवला की येतो. मोबाइल उभा जमिनीला टेकवला तर त्याची लेन्स आपोआप तेरा-चौदा सेंटिमीटरवर येते, आणि उलटा धरला तर थेट जमिनीला लागते. नायक दरीच्या तोंडावर उभा असल्यासारखा फोटो हवा असेल तेव्हा उलटा धरावा.

शनिवारी पहाटे साडेपाचला शहर सोडलं की राजहंसगडाच्या पायथ्याला सव्वासहाच्या आत पोहोचता येतं. या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि कामाचा उजेड साडेआठपर्यंतच टिकतो. गडावर २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे. पुतळ्याच्या चौथऱ्यावर किंवा देवळात फिगर मांडू नये, लोकांना ते रुचत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. वाटेलगतचे जांभ्याचे तुकडे पुरेसे आहेत. जांभ्याला सहा-आठ मिलिमीटरची भोकं असतात, १/१२ मापात ती सात ते दहा सेंटिमीटरची होतात. म्हणजे ओंजळीएवढा चिरा एखाद्या पडक्या तटासारखा दिसतो. त्या तांबड्यावर सोबतच्या हात्सुने मिकूच्या (जपानी आभासी गायिकेच्या फिगरच्या) निळ्या-हिरव्या केसांचा रंग असा उठतो की नंतर संगणकावर काही करावं लागत नाही.

पण मिकूला गडावर वाऱ्याने पाडलं, दोनदा. तिच्या दोन लांब वेण्या शिडासारखं काम करतात. ब्लू टॅक दगडावर धरत नाही, कारण भोकांत धूळ असते. उपाय तारेचा: तार यूच्या आकारात वाकवून पायाच्या घोट्यामागून घ्यायची, दोन्ही टोकं चिऱ्याच्या भोकांत खुपसायची आणि कॅमेऱ्याच्या बाजूने दिसत नाही ना ते बघायचं. तार रंगावर घासू नये म्हणून मध्ये कापडाची पट्टी.

दुसरा घोटाळा गारठ्याचा. पहाटेच्या थंडीत प्लॅस्टिक कडक होतं. नेंडोरॉइडचा चेहरा बदलताना मान पिळली की खुंटी कडकन तुटते, आणि तुकडा डोक्याच्या भोकात अडकतो. थर्मासचं पाणी पेल्यात ओतून, भाग झिपच्या पिशवीत घालून वीस सेकंद बुडवला की तो मऊ होतो. मग सरळ ओढायचा, पिळायचा नाही. पाणी उकळतं नको, चहा पिता येईल एवढंच गरम. खुंटी तुटलीच तर घरी एक मिलिमीटरच्या हातड्रिलने तुकड्याला भोक पाडून, त्यात बारीक स्क्रू दोन आटे फिरवून ओढून काढता येते. गडावर हा उद्योग करू नये.

कॅमेऱ्याचं गणित एकदा पाठ करून ठेवावं. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराचा सेन्सर, जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स, फिगर उभ्या चौकटीत पूर्ण मावलेली, अशा वेळी एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं असताना, फोकसची पट्टी जेमतेम नऊ मिलिमीटर जाडीची असते. डोळे स्पष्ट आले तर तलवार धूसर. भोक लहान करत एफ/८ ला ती अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाते, एफ/११ ला साडेतीन. पोझ देतानाच हात-तलवार कॅमेऱ्याकडे न काढता आडव्या ठेवल्या तर एफ/८ भागतं.

गडावरून उतरल्यावर येळ्ळूरचं शिवार. हा बासमती भाताचा पट्टा, आणि नोव्हेंबरअखेर बरंच भात कापून झालेलं असतं. पंधरा सेंटिमीटरचं धसकट १/१२ मापात पुरुषभर उंच होतं. वाळकं, सोनेरी, रांगेत उभं. दोन रांगांच्या मधल्या सरीत तलवारवाली फिग्मा ठेवून, लेन्स सरीच्या तोंडाशी लावून, सूर्य मागे घेतला की बोरूच्या रानातली लढाई तयार होते. समोरच्या दोन-तीन काड्या मुद्दाम लेन्सच्या अगदी जवळ राहू द्याव्यात, त्या धूसर होऊन खोली देतात. फसवणूक उघडी पडते ती मधल्या अंतरावर: दोन हातांवरची एक तुरेदार गवताची काडी, एखादी मुंगी, बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा. ते आधी वेचून काढायचं. लांबचं डोंगर-आभाळ कुठल्याही मापाला चालतं.

शेतात शिरण्याआधी विचारायचं. “काका, बांधावर बसून दहा मिनिटं फोटो काढू?” एवढं पुरतं, बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि बाहुल्या बघायला जवळ येतात. भात निघाल्यावर काही शिवारांत लगेच मसूर, वाटाणा पेरतात, ते वरून दिसत नाही. म्हणून बांध सोडायचा नाही, सरीत हात लांबवूनच फिगर ठेवायची.

नऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि गाडी तापते. बंद गाडीत फिगर ठेवून जेवायला जाणं म्हणजे तिला कायमचं वाकवणं. पीव्हीसीचे घोटे मऊ पडून फिगर पुढे कलते आणि थंड झाल्यावर तशीच राहते. पिशवी खांद्यावरच.

दुपारसाठी खानापूरजवळचं असोगा बरं. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ, झाडांची सावली, आणि खडकांमधून वाहणाऱ्या पाण्याच्या बारक्या धारा. पंधरा सेंटिमीटरची धार फिगरला पुरुषभर उंच धबधबा आहे. मात्र पाण्याचे थेंब काही लहान होत नाहीत, आणि पडतं ते पाणी फार घाईने पडतं. फोटोत उपाय सोपा: शटर १/८ सेकंदावर आणला की थेंबांची रेघ होते आणि माप लपतं. एवढ्या वेळात फिगर डुलू नये म्हणून पुन्हा तीच तार. व्हिडिओत बाराच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे साधारण साडेतीन पट संथ करावं लागतं. सेकंदाला १२० चौकटींनी घेऊन ३० ने चालवलं की चौपट होतं, डोळ्याला ते पटतं. फिगरच्या कमरेला मासे धरायची नायलॉनची दोरी बांधून दुसरं टोक मनगटाला. फिग्माचा सुटा हात वाहून गेला तर पुन्हा मिळत नाही.

हलशीला साडेतीनपर्यंत पोहोचावं. कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ, आत समोरासमोर दोन गाभारे आणि वर पायऱ्यापायऱ्यांचं शिखर. इथे पूजा चालते. फिगर आवाराबाहेरच काढाव्यात, आणि पोहण्याच्या कपड्यांतली असेल तर पिशवीतच राहू द्यावी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाईला आधी परवानगी लागते, थैलीने तोही प्रश्न उरत नाही.

इथे मोठ्या कॅमेऱ्याची फजिती होते आणि मोबाइल जिंकतो. १०० मिमीच्या मॅक्रोने मागचं शिखर एफ/८ लाही राखाडी धुकं होतं, देऊळ की पाण्याची टाकी ते कळत नाही. मोबाइलची मुख्य लेन्स आखूड, त्यामुळे फिगर वीतभर अंतरावर असूनही मागचं शिखर ओळखू येण्याइतपतच धूसर होतं. एक अडचण: जवळ नेलं की बरेच फोन गुपचूप मॅक्रो मोडमध्ये, म्हणजे फार रुंद दृश्य घेणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात, आणि फिगरचं नाक फुगतं. सेटिंगमध्ये ते बंद करून ठेवावं. पश्चिमेचं ऊन फिगरच्या चेहऱ्यावर एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूला फॉइलचा पुठ्ठा पंधरा सेंटिमीटरवर धरला की डोळ्यांची छपाई उजळते.

रविवारी गोकाक. बेळगावहून साठ-पासष्ट किलोमीटर. घटप्रभेचा हा धबधबा ५२ मीटरचा, जवळ झुलता पूल आणि १८८७ पासूनच्या वीजनिर्मितीचा इतिहास. बघायला जरूर जावं. फिगरसाठी जाऊ नये. पाणी नोव्हेंबरात ओसरलेलं, कठड्यापाशी गर्दी, खाली ठेवायला जागा नाही आणि माकडांना रंगीत वस्तू फार आवडतात. नदीच्या पात्रात उतरणं तर अजिबात नको, वरच्या धरणातून पाणी कधी सुटेल ते सांगता येत नाही.

गोकाकला जायचं ते खेळण्यांसाठी. लाकडाची, मातीची, हाताने रंगवलेली खेळणी आणि हुबेहूब फळं-भाज्या ही इथली जुनी कारागिरी. पेरू खऱ्या पेरूएवढाच असतो, त्यामुळे दहा सेंटिमीटरची नेंडोरॉइड त्याला कवेत घेऊन उभी राहिली की फोटो आपोआप गमतीचा होतो. घरी मांडणीत ठेवताना दोन्हींच्या मध्ये कागद हवाच, पीव्हीसी टेकून राहिलं तर रंग ओढून घेतं. आणि कर्दंटाचा, म्हणजे इथल्या गुळाच्या मिठाईचा पुडा वेगळ्या पिशवीत. गूळ सांध्यात गेला तर गरम पाण्यानेच निघतो.

हेच सामान घेऊन बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला (कॉमिक-ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) जायचं असेल तर थोडं वेगळं बांधावं. रस्त्याने अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीची सुपरफास्ट सकाळी पोहोचवते. स्टेशन आपल्याच संगोळ्ळी रायण्णांच्या नावाचं, आणि तिथून पर्पल लाइन मेट्रो थेट मेळाव्याच्या बाजूला, व्हाइटफील्डला जाते. पिशवी बर्थखाली न ठेवता उशाशी. कॉसप्लेची (पात्राच्या वेशभूषेची) तलवार हलक्या ईव्हीए फोमचीच न्यावी, धातूची दारातच अडते. खरेदीत स्वस्त नकलांचा मोह होतो, कारण आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. नक्कल ओळखायची तर खोका हातात घ्यावा: उत्पादकाचं चिन्ह, पायाखाली किंवा पाठीवर कोरलेला कॉपीराइटचा मजकूर, त्वचेला नको इतकी चमक, केसांच्या टोकांवर जोडाची रेघ, आणि उघडल्याबरोबर येणारा उग्र वास.

घरी आल्यावर तांबड्या धुळीची घाई करू नये. ओल्या फडक्याने पुसली की ती मॅट रंगात मुरते आणि पांढरा कोट कायमचा गुलाबी होतो. आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश, सांधे हलवायच्या आधी सांध्यांत. खडा आत असताना गुडघा वाकवला तर रंग खरवडतो. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, साधं पाणी. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नाही. वाळवायची पंख्याखाली, उन्हात नाही. नेंडोरॉइडच्या केसांच्या पोकळीत पाणी साठतं, ते पुढचे-मागचे केस वेगळे करून पालथे ठेवले तरच रात्रभरात निघतं.