जोलोकिया क्र. ४ हलला! पाच आठवड्यांची कोंडी कोकोपिटमुळे

काल सकाळी गच्चीवर गेलो तर भूत जोलोकिया मिरचीच्या माझ्या कुंड्यांपैकी क्र. ४ च्या शेंड्यात दोन नवी पानं उलगडलेली. सपाट, गडद हिरवी, एकही ठिपका नाही. डिसेंबरच्या मध्यापासून हे रोप चार बोटांच्या पुढे सरकलं नव्हतं. बायकोला हाक मारून वर बोलावलं, तीही बराच वेळ भिंग लावून बघत राहिली.

मागच्या नोंदीत मी या रोपांच्या ठिपक्यांना ठामपणे ‘करपा’ (बुरशीचा रोग) म्हटलं होतं आणि तांब्याचं बुरशीनाशक फवारतोय असंही. ते निदान चुकलं. माझं वाचून कुणी फवारणी सुरू केली असेल तर कृपया थांबा.

खालच्या पानांत शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, मग त्या पिवळ्यात तपकिरी ठिपके. वरची नवी पानं बारकी आणि सुरकुतलेली. सुरकुत्या दिसल्या की आपण सगळेच फुलकिडे नाहीतर कोळी म्हणतो, पण पानांच्या खालच्या बाजू तीनदा तपासल्या, काही नाही. थंडीवरही संशय होता. आपल्याकडे नाशिकमध्ये जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि जोलोकियाला पंधराच्या खालीसुद्धा सोसत नाही. म्हणून तीन रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून दहा दिवस ठेवली. तीही तशीच ठप्प. थंडीने वाढ मंदावली असेल, पण ठिपके तिचे नव्हते.

ओझरचे मामा संक्रांतीला आले तेव्हा सुटायला सुरुवात झाली. त्यांची द्राक्षबाग आहे, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली. पान उन्हात धरून म्हणाले, “अरे, ही बुरशी नाही. बुरशीचा ठिपका शिरा बघून येत नाही. तुझ्या मातीत क्षार किती ते मोजलंस का?” मी म्हटलं, “मामा, माती नाहीच, कोकोपिट आहे.” “मग ते मोज. आमच्याकडे पानांच्या कडा जळल्या की आधी पाणी आणि देठ तपासायला पाठवतात, औषध नंतर.”

त्याच संध्याकाळी कुंडीच्या निचऱ्याचा ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) मोजला. पद्धत सोपी आहे: कुंडीला नेहमीसारखं पाणी द्यायचं, अर्ध्या तासाने वरून थोडं साधं पाणी ओतायचं आणि खालून पडणारं पहिलं पाणी वाटीत धरायचं. नळाच्या पाण्याचा ईसी ०.३, मी देतो त्या खताच्या पाण्याचा ०.९ आणि निचऱ्याचा ३.४! दोनदा मोजला, ईसी मोजायचं पेन कॅलिब्रेट करून तिसऱ्यांदा मोजला. तोच आकडा.

कोकोपिट म्हणजे नारळाच्या सालाचा भुसा, दाबलेल्या विटांत मिळतो. स्वस्त विटेत सालातलं पोटॅशियम आणि सोडियम तसंच राहिलेलं असतं. नुसतं धुतलं की पाण्यात विरघळणारे क्षार निघून जातात, पण कोकोच्या कणांना चिकटलेलं पोटॅशियम-सोडियम तिथेच बसून राहतं. मग आपण कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कोको ते स्वतः धरून ठेवतं आणि रोप उपाशी राहतं. त्यात मी देत होतो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाशचं खत), ज्यात कॅल्शियमही नाही आणि मॅग्नेशियमही नाही. खालच्या पानांतला पिवळेपणा मॅग्नेशियमच्या कमतरतेचा, शेंड्याच्या सुरकुत्या कॅल्शियमच्या. दोन्ही एकाच वेळी दिसत होतं म्हणून मी गोंधळलो.

आधी प्रत्येक कुंडी निचरा १ च्या खाली येईपर्यंत धुतली. दुसरी पाच किलोची वीट भिजवली, तीत १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मिसळून रात्रभर ठेवली, सकाळी निथळून पुन्हा धुतली. त्यात क्र. १ ते ८ हलवले. आता एक दिवस कॅल्शियम नायट्रेट, दोन दिवसांनी मॅग्नेशियम सल्फेट. दोन्हींचं दाट द्रावण एका बाटलीत करू नका, तळाला पांढरा गाळ बसतो आणि कॅल्शियम वाया जातं. जुन्या पानांवरचे ठिपके जाणार नाहीत, तिकडे बघूच नका. शेंडा बघा.

दुकानांबद्दल एक मत: शोभेच्या रोपवाटिकांतून कोकोच्या विटा आणणं मी बंद केलंय. दिंडोरी रोडच्या बाजूला द्राक्षवाल्यांसाठी असलेल्या कृषी सेवा केंद्रांत दोन्ही खतं ताजी मिळतात, सुटी देतात आणि दुकानदाराला ईसी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ईसी पेन मात्र साधंच पुरतं. पैसे वाचवायचे तर पेनात वाचवा, कॅलिब्रेशनच्या द्रावणात नको.

क्र. ९, १० आणि ११ सुद्धा आज नव्या मिश्रणात जाणार होते, पण हे लिहिताना विचार बदलला. १० आणि ११ जुन्याच कोकोत ठेवतो, फक्त खत बदलतो. ते नुसत्या खतानेच सुधारले तर वीट मुरवण्याची सगळी खटपट वाचेल आणि ब्याडगीच्या पुढच्या ट्रेला तेच करता येईल.

क्र. ९ ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे ठिपके शिरांवरही आहेत, आधी पाण्यात भिजल्यासारखे, मग काळपट, भोवती पिवळं वलय, आणि पान हात लागताच गळतं. हा जिवाणूजन्य ठिपका वाटतो, आणि माझ्या त्या फवारणीच्या शिंतोड्यांनी तो पसरला असता. रोप गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवलंय, कात्री वेगळी ठेवलीय, पाणी फक्त बुडाशी. रोग बियाण्यातूनच आला असू शकतो, म्हणून त्याच बियाण्याची उरलेली पाकिटं आज बाजूला काढून ठेवतो.