पितळी नळीतले स्वर : लाइपझिग ते मार्कनॉयकिर्खन

जर्मनीतील लाइपझिगच्या जुन्या टाउन हॉलमधील संग्रहालयात गॉटफ्रीड राइखे या तुतारीवादकाचे तैलचित्र आहे. संगीतकार बाखच्या काळात हा माणूस शहराचा मुख्य वादक होता, आणि बाखने तुतारीसाठी लिहिलेल्या कितीतरी अवघड ओळी त्याच्या श्वासाचा भरवसा धरूनच लिहिल्या असाव्यात, असे मला वाटते. चित्रात त्याच्या एका हातात स्वरलिपीचा कागद आहे आणि दुसऱ्या हातात वेटोळे घातलेली पितळी तुतारी. या तुतारीला एकही भोक नाही, एकही कळ नाही. ऑक्टोबर १७३४ मध्ये राजाच्या सन्मानार्थ उघड्या चौकात रात्री मशालींच्या उजेडात वादन झाले आणि दुसऱ्याच दिवशी राइखे घराजवळच्या गल्लीत कोसळून मरण पावला. फुंकण्याचा ताण आणि मशालींचा धूर त्याला बाधला, असे तत्कालीन नोंदीत म्हटले आहे. त्याच्या मृत्यूपेक्षा मला जास्त छळले ते त्याच्या हातातील वाद्याने. बोटांना करण्याजोगे काहीच काम नसताना हा माणूस पूर्ण सप्तक वाजवत तरी कसे होता?

याचे उत्तर शोधायचे तर सॅक्सनीच्या दक्षिण टोकाला, झेक सीमेला खेटून असलेल्या फोग्टलांड प्रदेशात जावे, असे लाइपझिगमधील एका वादक स्नेह्यांनी सुचवले. तिथे मार्कनॉयकिर्खन नावाचे छोटे गाव आहे, आणि साडेतीनशे वर्षे होत आली तरी ते गाव वाद्ये घडवण्यावरच जगते.

प्लाउएन सोडले की गाडी व्हाइसे एल्स्टर नदीच्या काठाकाठाने वर चढू लागते. हीच नदी पुढे लाइपझिगमधून वाहते, त्यामुळे आपण तिच्या उगमाकडे निघालो आहोत याची मौज वाटत राहते. आडॉर्फला उतरायचे आणि तिथून बसने पुढे जायचे. सूचिपर्णी झाडांनी भरलेल्या टेकड्या, उतरत्या छपरांची घरे, रस्त्यावर माणूस क्वचित. गाव लहान, पण मधूनच एखादा भव्य, नक्षीदार बंगला समोर येतो आणि इतका पैसा या आडगावात आला कुठून असा प्रश्न पडतो. तो आला व्यापाऱ्यांकडून. कारागीर घरी बसून वाद्ये घडवीत आणि व्यापारी ती गोळा करून जगभर पाठवीत. अमेरिकेला होणारी निर्यात एवढी मोठी होती की १८९३ ते १९१६ या काळात या गावात अमेरिकेची स्वतंत्र वाणिज्य वकिलात होती. कारागिरांच्या वाट्याला त्यातले किती आले हे त्यांच्या बसक्या घरांकडे पाहून कळते.

गावाचा वाद्यव्यवसाय सुरू झाला तो व्हायोलिनपासून. धर्मछळामुळे बोहेमियातून, म्हणजे सीमेपलीकडच्या आजच्या झेक मुलखातून, पळून आलेल्या प्रोटेस्टंट व्हायोलिनकारांनी १६७७ मध्ये येथे आपला संघ स्थापन केला. पितळी वाद्यांचे कारागीर त्यानंतर, अठराव्या शतकात आले. पाउलुस श्लोसेल नावाच्या जुन्या वाड्यात आता वाद्यसंग्रहालय आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात जगभरची वाद्ये आहेत आणि माणसाहून उंच असा एक ट्यूबा, म्हणजे खर्जात वाजणारे पितळी वाद्य, हेही आहे. त्याच्यासमोर सगळेच जण फोटो काढतात, मीही काढला. पण मी खिळून राहिलो ते पितळी वाद्यांच्या साध्या कपाटांसमोर.

राइखेचे कोडे तिथे उलगडले. तुतारी वाजते असे आपण म्हणतो, पण खरे तर वाजतात ते ओठ. मिटलेल्या ओठांमधून हवा दाबाने सोडली की ते थरथरतात, आणि ही थरथर नळीतल्या हवेच्या स्तंभाला हलवते. नळी मात्र हट्टी असते. तिच्या लांबीला साजेशा काही ठरावीक कंपनांनाच ती साथ देते आणि बाकीच्यांना दाद देत नाही. या मान्य स्वरांची शिडी निसर्गाने ठरवून दिलेली आहे. मूळ स्वराला षड्ज मानले, तर पुढचा स्वर त्याच्या वरचा सा, मग प, मग आणखी वरचा सा, त्यानंतर ग आणि पुन्हा प. पुढे किंचित उतरलेला कोमल नी, आणि मग सा. खाली पायऱ्या फार दूरदूर आहेत आणि वर जावे तशा त्या जवळ येत जातात. सैन्यातील बिगुलाच्या साऱ्या आज्ञा प, सा, ग, प एवढ्या मोजक्या स्वरांत बसवलेल्या असतात, त्याचे कारण हेच. लग्नमंडपाच्या दारात वाजणारी आपली तुतारीही याच नियमाने बांधलेली आहे.

राइखेच्या काळातील तुतारीची नळी आजच्या ट्रम्पेटच्या जवळजवळ दुप्पट लांब असे. नळी लांब केली की सारी शिडीच खाली सरकते आणि वादकाच्या ओठांच्या टप्प्यात तिचा वरचा, दाट पायऱ्यांचा भाग येतो. आठव्या पायरीपासून सोळाव्यापर्यंत सा, रे, ग, म, प, ध, नी असे पूर्ण सप्तक मिळते. यात दोन लबाड स्वर आहेत. अकरावी पायरी शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडते, आणि तेरावी धैवताला पुरती पोहोचत नाही. हे दोन्ही स्वर वादकाने केवळ ओठांच्या ताकदीने ओढून जागेवर आणायचे असतात. मोकळ्या चौकात, मशालींच्या धुरात हे करणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना मला त्या कपाटासमोर आली.

पुढची कपाटे म्हणजे या शिडीतल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी माणसाने केलेल्या खटपटींचा इतिहास आहे. ट्रोम्बोनने हा प्रश्न पंधराव्या शतकातच सोडवला होता. तिथे नळीच मागेपुढे सरकते आणि सात जागांवर सात लांबी मिळतात. शिंगाच्या कुळातील हॉर्नला मात्र तशी सोय नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या आंटोन योझेफ हाम्पेल यांनी हॉर्नच्या कर्ण्यात हाताचा पंजा कमीअधिक खुपसून मधले स्वर काढण्याची रीत बसवली. स्वर मिळतात, पण काही मोकळे आणि काही दबके. व्हिएन्नाच्या आंटोन वायडिंगर यांनी तुतारीच्या नळीला भोके पाडून त्यांवर कळा बसवल्या. संगीतकार हायडनने १७९६ मध्ये आपली तुतारीची प्रसिद्ध रचना याच वाद्यासाठी लिहिली. पण पितळी नळीला भोक पाडले की कर्ण्याचे तेज कमी होते. कळांच्या या घराण्यातले ऑफिक्लाइड नावाचे धिप्पाड वाद्य पाहून मला हसू आवरले नाही. कळांनी मढवलेला पितळी हंडा कुणी फुंकायला घेतला असावा तसे ते दिसते.

खरा तोडगा निघाला तो १८१४ च्या सुमारास. हाइनरिश श्ट्योल्त्सेल यांनी झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह, वापरात आणला, आणि १८१८ मध्ये त्यांना व फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांना बर्लिनमध्ये त्याचे पेटंट मिळाले. कल्पना इतकी सोपी की ती आधी कुणाला सुचली कशी नाही याचेच नवल वाटावे. झडप दाबली की हवेला मुख्य वाटेवरून वळवून एका जादा नळीतून फिरवून आणायचे. नळी लांब झाली, की शिडी खाली आली. मधली झडप अर्धा स्वर उतरवते, पहिली पूर्ण स्वर, आणि तिसरी दीड स्वर. या तिन्हींच्या जोडण्यांतून ट्रोम्बोनच्या सात जागांइतकीच सात लांबी मिळतात. दोन दशकांत या शोधाने वाद्यवृंदाचा चेहरा बदलला. १८३५ मध्ये बर्लिनला व्हीप्रेष्ट आणि मोरित्स यांनी ट्यूबाचे पेटंट घेतले, आणि पाठोपाठ आडोल्फ साक्स यांनी पॅरिसमध्ये झडपांच्या वाद्यांचे अख्खे कुटुंबच उभे केले.

झडपेतही एक खोट आहे, आणि ती मला समजावून दिली गावातल्या एका कारागिराने. आठवड्यातून काही तास ते आपली कार्यशाळा पाहुण्यांसाठी उघडी ठेवतात. त्यांनी कागदावर आकडे मांडले. ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंटीमीटर. पूर्ण स्वर उतरवायला तीत सुमारे १८ सेंटीमीटर जोडावे लागतात, आणि दीड स्वरासाठी सुमारे २८. पहिली आणि तिसरी झडप एकदम दाबली तर ४६ सेंटीमीटरची भर पडते. पण अडीच स्वर उतरायला जवळजवळ पन्नास लागतात, कारण नळी आधीच लांबलेली असताना तिला त्याच प्रमाणात अधिक लांबी हवी असते. परिणामी स्वर चढा लागतो. म्हणून तिसऱ्या झडपेच्या नळीला एक कडी असते, आणि वादक डाव्या हाताच्या बोटाने ती नळी ऐन वेळी थोडी बाहेर सरकवतो. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा डावा हात नुसता वाद्य धरून असतो असे मी तोवर समजत होतो. त्या हाताला केवढे काम असते!

कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टांगलेले पोलादी साचे आणि हवेत तापलेल्या धातूचा वास. कर्णा कसा घडतो ते मी तिथे टप्प्याटप्प्याने पाहिले. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेला पितळी पत्रा पंख्याच्या आकारात कापतात, दुमडून त्याच्या कडा एकमेकींत अडकवतात आणि सांधा झाळतात. मग तो पोलादी साच्यावर चढवून ठोकणे सुरू होते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालू असताना जो लयबद्ध ठोका ऐकू येतो, तोच येथेही होता. ठोकल्याने पितळ ताठरते, म्हणून मधूनमधून ते लालसर होईतो तापवून पुन्हा नरम करावे लागते. शेवटी लेथवर फिरवून कर्ण्याची कड पसरवतात आणि तीत तार घालून ती वळवतात. या भागातले जुने कारागीर कर्ण्याच्या कडेला जर्मन सिल्व्हरची एक पट्टी, जणू हारच, चढवीत. त्याने कड बळकट होते. सर्वांत कौतुक वाटले ते नळी वाकवण्याचे. नुसती नळी वाकवली तर ती चेपते, म्हणून तीत वितळलेली राळ ओततात किंवा साबणाचे पाणी भरून ते गोठवतात आणि मग ती साच्याभोवती वळवतात. वाकवल्यावर आतला भराव वितळवून काढला, की वळण गुळगुळीत राहते.

मी विचारले की आवाज पितळाच्या जातीने बदलतो का. जास्त तांब्याचे पितळ स्वर मऊ करते असे बरेच वादक मानतात. त्यावर ते म्हणाले, “आधी नळीची आतली घडण बघा, धातूचे नंतर बघू.” ट्रम्पेट आणि फ्लुगेलहॉर्न यांची लांबी एकच, पण पहिल्याची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकसारखी जाड राहते आणि दुसऱ्याची सुरुवातीपासूनच रुंदावत जाते. त्यामुळे पहिला तळपतो आणि दुसरा घोगरा, उबदार लागतो. माउथपीसचे, म्हणजे ओठ टेकवायच्या तुकड्याचेही तसेच आहे. ट्रम्पेटचा वाटीसारखा असतो, हॉर्नचा गाळणीसारखा निमुळता. हे सांगताना त्यांनी दोन्ही माउथपीस पाण्यात बुडवून पुसले आणि माझ्या हातात दिले.

मग शिकवणी सुरू झाली. प्रथम नुसते ओठ. ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, मधला भाग सैल ठेवायचा, आणि पोटापासून हवा सोडायची. गाल फुगवायचे नाहीत. मधमाशीसारखी गुणगुण निघाली की ती माउथपीसमध्ये करायची, आणि मगच माउथपीस वाद्याला लावायचा. वाद्य लावताच ओठांखाली काहीतरी बदलते. आतापर्यंत वाटेल तसे सरकणारे कंपन एकाएकी एका जागी अडकते आणि स्वर म्हणून बाहेर पडते. नळी आपल्याला आपल्या पायरीवर ओढून घेते, हे तेव्हा ओठांनाच कळले. वरची पायरी गाठायला माउथपीस तोंडावर दाबावा असा मोह होतो, पण त्याने ओठांतले रक्त अडते आणि स्वर मरतो. दाब नव्हे, हवेचा वेग वाढवावा लागतो. मी प आणि वरचा सा यांच्यात बराच वेळ घुटमळलो. ग मला तिथे लागला नाही. शेवटी त्यांनी नळीखालची छोटी कळ उघडून पाणी झटकले आणि ही थुंकी नव्हे, श्वासातल्या वाफेचे पाणी असते, असे आवर्जून सांगितले.

जर्मन वाद्यवृंदात ट्रम्पेटला सहसा फिरत्या झडपा असतात, आणि वादक वाद्य आडवे धरून त्यांच्या चाव्या दाबतो. १८३५ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ रीडल यांनी पेटंट घेतलेली झडप ती हीच. फ्रान्स आणि इंग्लंड यांनी मात्र पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांचा १८३९ चा वरखाली जाणारा पिस्टन उचलला. ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर तोच भारतात उतरला. महाराष्ट्रातल्या वरातीच्या बँडमध्ये आणि मेरठच्या जली कोठीत घडणाऱ्या वाद्यांवर आजही तोच दिसतो.

परतताना मी क्लिंगेनथालमार्गे सीमा ओलांडून क्रास्लित्सेला गेलो. जर्मनमध्ये ग्रास्लित्स म्हणून ओळखले जाणारे हे बोहेमियन गाव, आणि मार्कनॉयकिर्खनचे पहिले व्हायोलिनकार इथलेच. धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होता. १९४५ नंतर झेकोस्लोव्हाकियातून जर्मनभाषक लोकांना हाकलण्यात आले, तेव्हा इथले पितळी वाद्यांचे कारागीर पश्चिम जर्मनीत विखुरले. त्यांच्यापैकी काहींनी १९४६ मध्ये बव्हेरियातील वाल्डक्राइबुर्ग येथे एकत्र येऊन मीराफोन हा कारखाना उभा केला, ज्याच्या ट्यूबांना आजही मोठा मान आहे. गावात मागे राहिलेला धंदा युद्धानंतर अमाती या नावाखाली एकवटला. फोग्टलांडला जाणाऱ्यांनी मार्कनॉयकिर्खनबरोबर क्रास्लित्सेसाठीही अर्धा दिवस हाताशी ठेवावा. मे महिन्यात गेलात तर मार्कनॉयकिर्खनमध्ये आंतरराष्ट्रीय वादनस्पर्धा चालू असते. त्यातील वाद्यांचे प्रकार वर्षागणिक बदलतात, तेव्हा पितळी वाद्यांची पाळी कोणत्या वर्षी आहे ते आधी पाहून घ्यावे.