खतावणीतलं एक पान

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाला मी हिशेबाचं सॉफ्टवेअर करून दिलं. शेतकऱ्यांची एक यादी, खरेदीदारांची दुसरी. तेव्हा मला ते फार नेटकं वाटलं होतं.

फेब्रुवारीत सौदे जोरात असताना मिरज तालुक्यातला एक शेतकरी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात घेऊन परत आला. "बेण्याचे पैसे कापायचे राहिलेत की," म्हणाला. मे महिन्यात त्यानं याच दुकानातून उधारीवर बेणं नेलं होतं. ती उधारी खरेदीदारांच्या यादीत आणि त्याची हळद शेतकऱ्यांच्या. कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन माणसं होती. तो सरळ माणूस नसता तर नुकसान दुकानाचं आणि बोल हिशेब सांभाळणाऱ्या दिवाणजींना, ही गोष्ट मला अजून टोचते.

दिवाणजींनी जुनी खतावणी उघडून दाखवली. "हे बघ पोरी, पान एकच. आज देणारा, उद्या घेणारा. म्हणून माणूस बदलतो व्हय?"

कॉलेजात मी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर पाठ केलं होतं, कोडचे तीन कप्पे म्हणून. नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात ते मांडलं, तेव्हा त्यांचा मूळ हेतू वेगळा होता: माणसाच्या डोक्यातलं चित्र आणि कॉम्प्युटरमधलं चित्र जुळावं. पुढे जेम्स कोप्लिन यांच्यासोबत त्यांनी भूमिकांचा विचार मांडला. बँकेत पैसे वळते करताना एक खातं देणारं, दुसरं घेणारं. पण या भूमिका त्या व्यवहारापुरत्या; पुढच्या व्यवहारात त्याच खात्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणजे दिवाणजींचंच म्हणणं!

मग दोन्ही याद्या मोडल्या. आता माणसाची नोंद एकदाच. सौद्यात तो विकणारा, बेण्याच्या बिलात घेणारा, उचलीत देणेकरी. पट्टी काढताना त्याच्या नावावरची सगळी येणी आधी समोर येतात.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. मी डेबिट, म्हणजे नावे, डावीकडे ठेवलं होतं, इंग्रजी पद्धतीनं. देशी नाम्यात जमा डावीकडे, नावे उजवीकडे. इतके दिवस दिवाणजी प्रत्येक आकडा मनातल्या मनात उलटा करून वाचत होते आणि मला एका शब्दानं बोलले नव्हते. त्याच संध्याकाळी बाजू बदलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, त्या शेतकऱ्याचं पान उघडलं आणि बोट न फिरवता बाकी वाचून दाखवली.