लाइटरूम सुटलं, गुलाल अडला

पावसाळ्यात माझ्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. मागून तूरडाळीच्या डब्याचा टेकू दिला की पडदा उभा राहतो, पण असं किती दिवस चालवणार? नवा लॅपटॉप भाच्याच्या भरवशावर घेतला. त्याने त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, चहा घेतला आणि गेला. मी ज्यात फोटो एडिट करते ते लाइटरूम लिनक्सवर बसत नाही हे मला चार दिवसांनी कळलं. फोन केला तर म्हणतो, "अगं मावशी, डार्कटेबल टाकून दिलंय ना तुला. फुकट आहे, रॉ उघडतं, सगळं तेच आहे."

सगळं तेच म्हणे! डी दाबलं की दोन्हीकडे एडिटिंगची खोली उघडते, एवढं मात्र तेच आहे. फोटोंच्या जाळीवर परत यायला तिकडे जी होतं, इकडे एल. माझं बोट अजून जी वरच जातं.

मी गिरगावची. दिवसभर हिशेबखात्यात नोकरी आणि वर्षातून एक रात्र ऑपेरा हाऊस ते चौपाटी कॅमेरा गळ्यात घालून चालणं. निकॉन डी७५०, ५० ची लेन्स, आयएसओ ३२००. विसर्जनाच्या रात्री सातआठशे रॉ फायली (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल, जेपेग होण्याआधीचा) सहज होतात.

पहिला घोळ माझाच. मी समजत होते की फोटोंचं फोल्डर उचललं की एडिटही बरोबर येणार. लाइटरूम सगळं आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या वहीत ठेवतं. फोटोशेजारी एक्सएमपी फाइल (एडिटची नोंद ठेवणारी चिठ्ठी) हवी असेल तर तसं सेटिंग लावावं लागतं, नाहीतर फोटो निवडून कंट्रोल-एस. दहा वर्षांत मी दोन्ही केलं नव्हतं. पुन्हा डाळीचा डबा, पुन्हा जुना लॅपटॉप, सगळं सिलेक्ट, कंट्रोल-एस. मग डार्कटेबलने त्या फायली वाचल्या आणि स्टार, कीवर्ड, क्रॉप व्यवस्थित आले. तो स्वतःची वेगळी फाइल लिहितो (लाइटरूमची डीएससी_०४१२.एक्सएमपी, तर याची डीएससी_०४१२.नेफ.एक्सएमपी), त्यामुळे एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत.

पण माझी निवड कुठे गेली? मी स्टार क्वचितच देते. आवडला फोटो की पी दाबून फ्लॅग. आणि माझ्या जुन्या आवृत्तीत फ्लॅग एक्सएमपीत उतरतच नव्हते. तिसऱ्यांदा डाळीचा डबा. फ्लॅगवाले फोटो गाळून घेतले, सगळ्यांना एकदम एक स्टार दिला, पुन्हा कंट्रोल-एस. तुम्ही घर बदलणार असाल तर हे आधी करा, तुमची डाळ वाचेल.

एडिट मात्र आले ते अर्धेमुर्धे. ते समजण्यासारखं आहे. स्लायडरमागचं गणितच दोन्हीकडे वेगळं. मी तरी हट्टाने तीन संध्याकाळी जुनी जेपेग शेजारी ठेवून तसाच फोटो बनवायला बसले. सवयीप्रमाणे आधी हायलाइट (उजळ भाग) खाली, मग शॅडो (गडद भाग) वर. सगळं राखाडी, पिठूळ. मग लक्षात आलं की इथे सुरुवात मधल्या छटांपासून करायची. रॉ उघडताच डार्कटेबल एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, आपणहून ०.७ स्टॉप वाढवून ठेवतं. तिथून आपण चेहऱ्याकडे बघून ते लावायचं. मागचे दिवे जळालेले दिसले तरी हात आवरायचा. तो उजेड नंतर सिग्मॉइड नावाचं मॉड्यूल (डार्कटेबलमधलं एक अवजार) आवाक्यात ओढून आणतं. ते २०२२ च्या डिसेंबरात ४.२ आवृत्तीत आलं. त्याआधीचं फिल्मिकही आहे, पण त्याचे स्लायडर बघून मला ऑडिटची आठवण येते.

मग गुलाल. १७ सप्टेंबर २०२४ ची रात्र, चौपाटीकडे वळणारा ट्रॉली-गणपती, कार्यकर्त्यांच्या डोक्यावर गुलाल आणि वरून मंडळाचे निळे एलईडी. फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलपैकी गुलालात लाल सगळ्यात आधी भरतो, कॅमेऱ्यामागच्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) तर तो फुटलेलाच दिसतो. रॉमध्ये बरंचसं शिल्लक होतं. पण फिल्मिकमध्ये माझ्याकडून गुलालाचं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम होत होतं, आणि निळा उजेड पडलेल्या गालांवर शाई सांडल्यासारखे सपाट डाग. सिग्मॉइडमध्ये प्रत्येक चॅनल वेगळा धरणारा पर्याय घेतला तेव्हा गुलाल जरा गुलालासारखा झाला. डागांसाठी कलर कॅलिब्रेशन या रंग जुळवायच्या मॉड्यूलमध्ये गॅमट कॉम्प्रेशन (फार भडक रंग आवरणारा स्लायडर) वाढवलं. गालाला पुन्हा गोलाई आली.

मध्ये एक संध्याकाळ आणखी फुकट गेली. व्हाइट बॅलन्सच्या मॉड्यूलमध्ये मी जुन्या सवयीने तापमान (रंगाचा पिवळा-निळा कल) सरकवलं. इथे ते मॉड्यूल कॅमेऱ्याच्या संदर्भावर सोडून द्यायचं आणि रंग कलर कॅलिब्रेशनमध्ये जुळवायचे. दोन्हीकडे हात घातला की व्हाइट बॅलन्स दोनदा लागल्याचा इशारा येतो. आला होता. मी तो वाचलाच नाही.

त्यातला एक फोटो छापून मंडळात दिला. खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर चढवून, फोटो नाकाजवळ धरून पाहिला. "मागच्या वर्षी बाप्पा आजारी दिसत होता. यंदा बरा आहे."

मागच्या वर्षीचा लाइटरूममध्ये केला होता. मी काही बोलले नाही.

२०२३ पर्यंतचं काही पुन्हा एडिट करणार नाही, जुन्या लॅपटॉपवरून पूर्ण आकाराच्या जेपेग काढून ठेवते आहे. २०१९ चालू आहे. तोवर डाळ पातेल्यात झाकून ठेवली आहे.