डीएचा हिशेब स्वतः करून बघितला, माझा अनुभव

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर माहितीये, जानेवारी आणि जुलै जवळ आला की व्हॉट्सअपवर डीएचे, म्हणजे मूळ पगाराच्या टक्क्यांत मिळणाऱ्या महागाई भत्त्याचे, फॉरवर्ड सुरू होतात. एक म्हणतो ४ टक्के नक्की, दुसरा म्हणतो ३ च, आणि ऑर्डर निघेपर्यंत हेच चालू. २०२५ च्या जानेवारीचा डीए फक्त २ टक्क्यांनी वाढला, ५३ चे ५५ झाले, तेव्हा ऑफिसात सगळे वैतागले आणि मी म्हटलं बास, हा आकडा येतो कुठून ते आता आपणच काढून बघू. अकाउंट्सशी माझा संबंध नाही, पण बेरीज भागाकार येतो, तेवढं पुरतं.

पहिला घोळ म्हणजे इंडेक्स कोणता. टीव्हीवर दर महिन्याला जी महागाई सांगतात तो इंडेक्स इथे चालतच नाही. डीएसाठी लागतो तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, तो लेबर ब्युरो काढतं, देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या ३१७ बाजारांतून भाव गोळा करून. एका महिन्याचा आकडा साधारण पुढच्या महिन्याच्या शेवटी येतो, म्हणून डिसेंबरचा आकडा जानेवारी संपेपर्यंत मिळत नाही आणि त्याआधी कोणीही छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज आहे एवढं समजायचं.

दुसरी भानगड बेस इयरची, म्हणजे ज्या वर्षाचे भाव १०० धरतात त्या वर्षाची. आत्ताची सिरीज २०१६ = १०० वर आहे पण सातव्या वेतन आयोगाचा फॉर्म्युला बसवलाय जुन्या २००१ = १०० च्या सिरीजवर, त्यात पाया म्हणून २६१.४२ हा आकडा घेतलाय, तो २०१५ सालच्या बारा महिन्यांचा ॲव्हरेज. म्हणून नवीन आकडा २.८८ ने गुणून जुन्या सिरीजवर आणायचा, या २.८८ ला लिंकिंग फॅक्टर म्हणतात. तर हिशेब असा, बारा महिन्यांची सरासरी काढा, २.८८ ने गुणा, त्यातून २६१.४२ वजा करा, जे उरेल त्याला परत २६१.४२ ने भागा आणि शंभरने गुणा. झालं, एवढाच फॉर्म्युला.

आता २०२४ चे आकडे घ्या, जानेवारी १३८.९, फेब्रुवारी १३९.२, मार्च १३८.९, एप्रिल १३९.४, मे १३९.९, जून १४१.४, जुलै १४२.७, ऑगस्ट १४२.६, सप्टेंबर १४३.३, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही १४४.५, डिसेंबर १४३.७. बेरीज १६९९.०, सरासरी १४१.५८, गुणिले २.८८ म्हणजे ४०७.७६. पुढचा भागाकार केला आणि स्क्रीनवर आलं ५५.९८. मी दोनदा बघितलं. कारण यात अपूर्णांक सोडून देतात, राउंड करत नाहीत, म्हणजे ५५.९८ असो की ५५.०१, मिळणार ५५ च!

मग उलटा हिशेब केला की ५६ व्हायला काय कमी पडलं. बारा महिन्यांच्या बेरजेत फक्त ०.३. डिसेंबरात आकडा नोव्हेंबरपेक्षा ०.८ ने उतरला होता, तो १४४.० वर जरी थांबला असता तरी ५६ झाले असते. मूळ पगार ३५,४०० असेल तर १ टक्का म्हणजे महिन्याला ३५४ रुपये, जानेवारी ते जून सहा महिन्यांचे २,१२४. गेले म्हणायचं की नाही यावर कॅन्टीनमध्ये बरीच वादावादी झाली. माझं मत असं की कायमचे नाही गेले, तो ०.९८ कुठे वाया जात नाही, कारण दर वेळी मोजणी २६१.४२ पासूनच सुरू होते, आधीच्या डीएवर काही चढवत नाहीत. फक्त सहा महिने उशिरा मिळतो. काहींना हे पटलं नाही आणि त्यांचंही बरोबरच आहे, त्या सहा महिन्यांचे पैसे काही कोणी देत नाही.

यातूनच दुसरं एक कळलं. डीए ५५ टक्के म्हणजे महागाई वर्षात ५५ टक्के वाढली असं नाही हो, २०१५ च्या सरासरीपासून २०२४ च्या सरासरीपर्यंत एकूण एवढी वाढली असा त्याचा अर्थ. आणि एखाद्या महिन्यात भाव भडकले तरी डीए लगेच उसळत नाही, कारण तो महिना बारातला एक.

जुलै २०२५ साठी तीच शीट पुढे सरकवली, जुलै २०२४ ते जून २०२५, सरासरी १४३.५७, उत्तर ५८.१६. म्हणजे ५८, थेट ३ टक्के वाढ, त्यातला जवळपास एक टक्का मागचाच अडकलेला. जून महिन्याचा आकडा आल्या दिवशीच हे मला माहीत होतं, सरकारने जाहीर केलं ऑक्टोबर उजाडल्यावर. तोपर्यंतचा फरक एरियर्समध्ये, म्हणजे मागची थकबाकी म्हणून येतो. अर्थात फॉर्म्युला फक्त किती ते सांगतो, कधी ते सरकार ठरवतं, कोविडमध्ये तीन हप्ते गोठवले होते आणि जुलै २०२१ ला १७ वरून एकदम २८ केले, मधल्या अठरा महिन्यांचे एरियर्स काही दिले नाहीत.

ऑफिसातल्या एका रिटायर झालेल्या काकांनी मग मला त्यांचं पेन्शन बघायला सांगितलं. रेट तोच असतो, फक्त पेन्शनवरच्या या भत्त्याला डीआर म्हणतात. त्यांनी एकरकमी पैसे घेऊन पेन्शनचा काही भाग विकलेला होता आणि त्यांना वाटत होतं की डीआर उरलेल्या पेन्शनवरच मिळणार. तसं नाहीये, डीआर विक्रीआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर धरतात, आणि रक्कम काढताना मात्र वर काही पैसे आले, कितीही कमी असले, तरी पुढचा रुपया. काका म्हणाले, "म्हणजे टक्क्यात ०.९८ सोडायचे आणि रुपयात एक पैसाही वर ओढायचा?" हो काका, असंच आहे.