सहा इंची टेलिस्कोप आणि सिंहेतल्या तीन गॅलेक्सी

शनीची कडी आणि गुरूचे चंद्र बघून झाले की गॅलेक्सींचा किडा चावतोच. माझा टेलिस्कोप सहा इंची (म्हणजे आरशाचा व्यास) डॉब्सोनियन, साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेला, मोटर वगैरे काही नाही, सगळं हातानेच शोधायचं. सुरुवात केली सिंह राशीतल्या त्रिकुटापासून, म्हणजे एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ (एम आणि एनजीसी ही अशा वस्तूंच्या याद्यांची नावं, पुढे यादीतला क्रमांक).

रस्ता तसा सोपा आहे. पूर्वा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडचा (थीटा लिओनिस) फाइंडरमध्ये, म्हणजे टेलिस्कोपवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत, घ्यायचा, तिथून साधारण दोन अंश दक्षिणेला आलं की ७३ लिओनिस हा पाचव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) तारा सापडतो आणि त्याच्या पूर्वेला एक अंशाच्या आतच एम ६५. माझ्या फाइंडरमध्ये सगळं उलटं दिसतं त्यामुळे नकाशाही उलटा धरायचा.

पण जागेवर पोचलं म्हणजे गॅलेक्सी दिसली असं नाही हो! खरं काम डोळ्यांचं. अंधारात निदान अर्धा तास काढायचा, नकाशाला मंद लाल टॉर्च, आणि मधेच मोबाईल बघितला की परत पहिल्यापासून सुरू. शिवाय थेट रोखून बघितलं की ती गायबच होते कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मध्यावर नसतातच, त्यामुळे नजर थोडी बाजूला ठेवायची, उजव्या डोळ्याने बघत असाल तर उजवीकडे, कारण डावीकडे वळवली तर ती ब्लाइंड स्पॉटमध्ये, म्हणजे डोळ्याला काहीच न दिसणाऱ्या जागेत, जाऊ शकते. तरी शंका असेल तर ट्यूबला हलकी टिचकी मारायची, हलणारी अंधुक गोष्ट डोळ्याला पटकन कळते.

२५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायची भिंग, इथे ४८ पट मोठं दाखवणारी) आधी एम ६६ दिसली, मग शेजारची एम ६५, धुराचे दोन लांबट ठिपके, बास. एनजीसी ३६२८ ने मात्र जाम छळलं, ती आपल्याला कडेने दिसते, नुसती फिकट रेघ.

आकड्यांवर फार जाऊ नका. सप्तर्षीतल्या एम १०१ या गॅलेक्सीची प्रत ७.९ लिहिलेली असते, म्हणजे एम ६५ पेक्षा चांगलीच तेजस्वी, पण तो सगळा उजेड एवढ्या मोठ्या भागावर पसरलाय की आकाश जरा उजळ असलं तरी ती दिसत नाही, मला अजून दिसलेली नाही. त्यापेक्षा सप्तर्षीतल्याच एम ८१ आणि एम ८२ बघा, दोन्ही एकाच वेळी आयपीसमध्ये मावतात.