मत आणि मफलर

४ जुलै २०२४ ला मी लिव्हरपूलमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मतदान केलं. पासपोर्ट भारताचा, मत ब्रिटनच्या संसदेसाठी. राष्ट्रकुलातला माणूस इथे रीतसर राहत असेल तर त्याला ते करता येतं. फोनवर सांगितलं तेव्हा कोल्हापुरात बाबांचा विश्वास बसेना. "एवढी वर्षं आपल्यावर राज्य केलं तेव्हा विचारलं नाही, आता तुला विचारतात होय?" म्हणाले. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. एक पेन्सिल, एक कागद आणि त्यावर मारायची फुली.

माझी अडचण वेगळीच होती. पंतप्रधान होणार म्हणून ज्याचं नाव सगळे घेत होते ते कीर स्टार्मर आर्सेनल या फुटबॉल क्लबचे. नुसते म्हणायला नव्हेत, सीझन तिकीटवाले. २००५ च्या इस्तंबूलच्या फायनलपासून मी लिव्हरपूलचा. तीन गोलांनी मागे पडून तीन फेडणारा, मग पेनल्टीवर कप उचलणारा संघ पाहिल्यावर दुसरीकडे जायचं कुठे? आणि आता आर्सेनलवाल्याच्या पक्षापुढे फुली? पेन्सिल हातात घेऊन मी जरा थबकलो, खोटं कशाला सांगू.

तरी आर्सेनलवाला परवडला, तो निदान खरा आहे. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आठवा. जन्मभर अ‍ॅस्टन व्हिलाचे चाहते, मामा-काकांपैकी एक जण त्याच क्लबचा अध्यक्ष राहिलेला. २०१५ च्या निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना भाषणात म्हणाले, तुम्ही वेस्ट हॅमला पाठिंबा दिलात तर मला आवडेल! दोन्ही संघांचे रंग सारखे, गडद लाल आणि आकाशी. पण म्हणून काय झालं? आमच्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलेल्या पोराने चुकूनसुद्धा 'मी शिवाजी पेठेचा' म्हणून बघावं. घरात जेवण बंद होईल. तरी कॅमेरून निवडून आले, तेही बहुमताने. मतदार क्षमाशील असतो, गॅलरीतला माणूस नसतो.

ऋषी सुनक यांचं त्याहून गमतीचं. भर पावसात २०२४ ची ही निवडणूक जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी वेल्समधल्या एका बिअरच्या कारखान्यात कामगारांना विचारलं, युरोची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल स्पर्धेची, वाट बघताय ना? वेल्स त्या स्पर्धेला पात्रच ठरलं नव्हतं.

फुटबॉलची चव नसलेल्या पुढाऱ्याने फुटबॉलवर बोलू नये. पण ते बोलतात, कारण हॅरॉल्ड विल्सनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा ते पंतप्रधान होते. १९७० मध्ये विश्वचषक मेक्सिकोत आणि निवडणूक १८ जूनला, म्हणजे ऐन स्पर्धेत. १४ जूनला पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंड दोन गोलांनी पुढे होतं. गोलकीपर गॉर्डन बँक्स पोट बिघडून आडवा, त्याच्या जागी पीटर बोनेटी. ३-२ ने हरले. चार दिवसांनी जनमत चाचण्यांचे अंदाज धुडकावून विल्सनही हरले. आयात-निर्यातीचे वाईट आकडेही त्याच आठवड्यात आले होते, हे अभ्यासक सांगतात. पण चहाच्या टपरीवर मी असतो तर सरकार बँक्सच्या पोटाने पाडलं असंच म्हणालो असतो.

इथवर गंमत आहे. या शहरात मात्र राजकारण गमतीने सुरू होत नाही.

इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात पेपरांच्या रॅककडे बघत होतो. 'द सन' दिसला नाही. संपला असेल म्हटलं. शेजारी राहणारे सत्तरीतले गृहस्थ सोबत होते. "तो इथे येत नाही," एवढंच बोलले. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यात गेलेल्यांचा आकडा आज ९७ धरतात. चार दिवसांनी त्या पेपराने चाहत्यांनाच दोषी धरलं, मेलेल्यांचे खिसे मारले असं छापलं. ते बेकायदा मृत्यू होते, दोष चाहत्यांचा नव्हता, हे न्यायालयीन चौकशीच्या ज्युरीने म्हणायला २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं. शिवाय १९८१ च्या दंगलींनंतर थॅचर सरकारातल्या अर्थमंत्र्यांनी या शहराला हळूहळू क्षीण होऊ द्यावं असा विचार लेखी मांडला होता. तो कागद तीस वर्षांनी उघड झाला. म्हणून राष्ट्रगीत लागलं की आमच्या गॅलरीतून हुर्यो उठते. टीव्हीवर ऐकताना मला पूर्वी तो उद्धटपणा वाटायचा.

आमचा क्लब धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये श्रीमंत क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगमध्ये शिरणाऱ्या सहा इंग्लिश क्लबांत आम्ही होतो. चाहते रस्त्यावर उतरले, बोरिस जॉन्सननी कायद्याचा धाक घातला आणि दोन दिवसांत सगळं कोसळलं. चांगलंच झालं. पण त्याआधी दोनच वर्षांपूर्वी दोनदा एफए कप जिंकलेला बरी नावाचा १८८५ चा क्लब पैशापायी लीगमधून हाकलला गेला, तेव्हा हीच लगबग कुठे होती? फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा व्हायला पुढे २०२५ उजाडलं.

असो. मतदानाच्या रांगेत ते शेजारी माझ्यापुढेच होते. युरो चालूच होती, मी इंग्लंडच्या बेलिंगहॅमच्या ९५ व्या मिनिटाच्या ओव्हरहेड किकचा विषय काढला. म्हणाले, "मी इंग्लंड बघत नाही." दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, स्वित्झर्लंडविरुद्ध सामना पेनल्टीवर गेला. शेवटची किक मारायला आमचा ट्रेंट, लिव्हरपूलचाच पोरगा. चेंडू जाळीत गेला आणि भिंतीपलीकडून अशी आरोळी आली की माझ्या कपाटातली भांडी वाजली.

सकाळी विचारलं तर म्हणाले, "ट्रेंटसाठी ओरडलो. इंग्लंडचं मला काही माहीत नाही."

पुढच्या वर्षी ट्रेंट रिअल माद्रिदला गेला. आता त्याचं नाव काढलं की ते पावसाविषयी बोलू लागतात.